समुद्राला विहिरीचं पाणी

रविवारी सकाळी बायका डोक्याला मेंदी लावतात, कुणाच्या साक्षगंधाला जातात, निदान उशिरापर्यंत झोपतात तरी. मी त्या उन्हाळ्यात दर रविवारी खांद्यापर्यंत हात खाऱ्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने दगड घासत होते. हिरवं शेवाळ निघायचं, पाण्यात तरंगायचं, माझ्या कोपराला चिकटायचं, आणि पुढच्या रविवारी तेवढंच, कधी त्याहून जास्त, परत उगवलेलं असायचं. हाताला खाज सुटायची. पाठ धरायची. एवढं करून घरात कुणी विचारायचं नाही, की बाई, चहा घेतला का.

आमचं घर देवळीला. समुद्र पाहायचा तर आमच्याकडून रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पण माझा नवरा नागपूरला दाढ काढायला गेला आणि समुद्र घेऊन आला. दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याने तो पाहिला होता. दाढेची कळ विसरून तासभर त्यासमोर बसलो होतो, असं तो सांगतो. मग दवाखान्याला तो पुरवणाऱ्या दुकानदाराला गाठून, आमच्या बैठकीत सोफ्याएवढी लांब काचेची पेटी मांडून झाली. आत वाळू, दगड, अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन नारिंगी मासे, आणि दगडावर डोलणारी रंगीत फुलं. ती फुलं नाहीत, प्रवाळ आहेत, जिवंत आहेत, हे मला नंतर कळलं. ज्याचं करावं लागतं ते जिवंत, एवढी व्याख्या मला पुरते.

नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान. उन्हाळा सरत आला की त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे समुद्र त्याचा आणि शेवाळ माझं, अशी वाटणी आपोआप झाली. माझ्या बीएस्सीच्या केमिस्ट्रीचा हवाला देऊन त्याने ती पक्कीही केली. "अवो, तुम्हीच तं शिकलेल्या आहा," असं तो अहोजाहो करून म्हणाला की समजायचं, काम गळ्यात पडलं.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणी याला माशांची गोष्ट समजणार नाही. त्याच उन्हाळ्यात माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत आणि त्या पोरीच्या बाटलीत पाणी एकाच विहिरीचं जात होतं. शेवाळ का वाढतं ते मला वेळेत कळणार की नाही, यावर त्या पोरीचं सगळं अवलंबून होतं, आणि हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

विहीर अंगणातली. सासऱ्यांच्या वडिलांनी खोदलेली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. मामाजींचं वय ऐंशीच्या पुढे, नजर चांगली, राग त्याहून चांगला. नळ आला, मोटर आली, घरावर स्लॅब पडला, पण पिण्याचं पाणी विहिरीचंच. उन्हाळ्यात नळ रुसला की गल्लीतल्या बाया गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन आमच्याकडे येतात. मामाजींनी आजवर एकीलाही परत पाठवलेलं नाही. पाण्याला गोड म्हणावं तर आमच्या विहिरीच्या, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. लग्न होऊन आले तेव्हा तेच पाणी पिऊन मला बरं वाटलं होतं.

दुकानदाराने पेटी बसवतानाच बजावलं होतं, की समुद्राचं मीठ घोळायचं ते आरओच्याच पाण्यात. मामाजी शेजारीच बसले होते. "मशीनचं पाणी मेलेलं राह्यते," ते म्हणाले. "त्यात मासा जगन काय? आपल्या घरी इहीर असून बाहेरून पाण्याची कॅन आणाची? लोक काय म्हणतीन?" दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. नवऱ्याने त्याला बाहेर नेऊन सांगितलं, हो हो, आरओचंच घालू. मग आत येऊन मोटर चालू केली. बापाशी वाद घालण्यापेक्षा दुकानदाराशी खोटं बोलणं सोपं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच येतं. पुढे फोनवर तेच खोटं मीही चालवलं.

आणि मासे जगले. त्यामुळे मामाजींचा रुबाब काय विचारता. आधी "देवळीत समुद्र!" म्हणून नवऱ्याची टर उडवणारे मामाजी आता येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून बैठकीत आणायचे. विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. "पाहा," म्हणायचे, "माह्या इहिरीच्या पाण्यावर समुद्र चालून राह्यला!"

शेवाळ आलं ते टप्प्याटप्प्याने. आधी वाळूवर गेरू शिंपडल्यासारखी तपकिरी पूड. मी घाबरून फोन केला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीन टँकमध्ये होतेच ते. टँक मॅच्युअर होऊन राह्यला. टेन्शन नका घेऊ." ती पूड खरंच आपोआप गेली. मग जांभळट लाल बुळबुळीत थर आला. दुधावरच्या सायीसारखा, खाली बुडबुडे धरून बसलेला. नळीने ओढला की अख्खा तुकडा निघायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पसरलेला असायचा. "ओढून पाहा मॅडम, साय निघते की धागा?" साय, मी म्हटलं. "मग ते शेवाळच नाही, बॅक्टेरिया आहे," तो म्हणाला. "पाण्याचा जोर वाढवा." पाण्याला जोर देणारा आणखी एक पंप त्याने एसटीच्या पार्सलने पाठवला. साय गेली आणि केस आले.

हे केस म्हणजे हिरवे, बारीक, लांब. दगडाच्या भेगांत मूळ धरलेले. ओढले की अर्धे हातात, अर्धे दगडात. प्रवाळाच्या फुलांवर चढून त्यांना झाकून टाकायचे, मग फूल मिटायचं ते उघडायचंच नाही. दुकानदार म्हणाला, खाणं कमी करा. केलं. मासे माझ्याकडे बघून काचेवर तोंड आपटायला लागले. उजेड कमी करा. केला. मग तीन दिवस पूर्ण अंधार करा. पेटीवर पांढरी चादर टाकली, तर शेजारीण दारातच थबकून हळूच म्हणाली, "कोनी गेलं काय वं घरात?" शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या. त्यांनी काच चाटून लख्ख केली आणि केसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल मला आपुलकीच वाटली.

राहिला एक उपाय, पाणी बदलणे. दर आठवड्याला पेटीतलं पाचवा हिस्सा पाणी काढायचं, ड्रममध्ये मीठ घोळून नवं घालायचं. शिवाय रोजचं वेगळं. आमच्याकडच्या मे महिन्यात ते पाणी डोळ्यांदेखत उडायचं. पेटीवर पंखा लावलेला, बाजूला कूलर. सकाळी पाहावं तर पाणी दोन बोटं खाली आणि काठावर मिठाची पांढरी रेघ. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज गोड्या पाण्याने भरती करायची. मी बादलीने विहिरीचं पाणी घालत होते आणि शेवाळ माजत होतं. जितकं जास्त बदलावं, तितकं हिरवं. एका रविवारी मी ब्रश पेटीतच टाकला आणि जमिनीवर बसून रडले. शेवाळासाठी कुणी रडतं का? मी रडले.

रडण्याचं खरं कारण दुसरंही होतं. लेकीला दूध पुरत नव्हतं. दवाखान्यातूनच वरच्या पावडरच्या दुधाचं सांगितलं होतं, पाणी उकळून गार करून. ते काम मी घेतलं. स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, विहिरीचं पाणी खळाखळा उकळायचं, चांगलं आटेपर्यंत, कारण पहिल्या नातीला काही कमी पडायला नको. पोर बाटली ओढायची, पण अंग धरत नव्हती. मलूल पडून राहायची. रडली की ओठांभोवती निळसर व्हायची. मामाजी म्हणाले, "कूलरची हवा लागून राह्यली लेकराले," आणि कूलर बंद केला. आम्ही घामाने निथळत बसलो. ओठ तसेच. मग कुणी म्हणालं, बाप सावळा आहे, त्याचा रंग घेतला असेल. लेक रात्री जागून इतकी थकली होती, की तिला कुणी काहीही सांगितलं तरी ती मान हलवायची. मीही काही वेगळी नव्हते.

शेवटी दुकानदारानेच कंटाळून पाणी तपासायची बाटली पाठवली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पूड टाकायची, हलवायचं, थांबायचं. पिवळं राहिलं तर बरं, लाल होईल तितकं वाईट. यातून नायट्रेट कळतं, म्हणजे शेवाळाचं जेवण. पेटीतलं पाणी लाल झालं. मी फोन केला. तो म्हणाला, "आता मीठ टाकायच्या आधीचं साधं पाणी टेस्ट करा मॅडम. आरओची जाळी गेली असन तुमची."

आमच्याकडे जाळी कुठली. पण आता खोटं निस्तरायचं तरी कसं, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि गुंडातलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले, पूड टाकली, हलवलं. ते पेटीतल्यापेक्षा लाल झालं. गडद, कुंकवाच्या पाण्यासारखं. मी नळी धुऊन परत केलं. परत तसंच.

आधी मला फक्त राग आला. म्हणजे इतके महिने मी शेवाळ उपटत होते आणि बादलीने त्यालाच वाढत होते! नवऱ्याला काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवत होते, आणि माझ्या मागे गॅसवर गंज खळखळत होता. झाकण वाजत होतं. त्याच गुंडातलं पाणी. पोरीच्या बाटलीचं.

पेटीच्या काठावरची मिठाची रेघ मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मग उकळून आटवलेल्या पाण्यात हे लाल काय कमी होणार होतं? ते तर वाढत होतं. आणि कुठल्या तरी सरांनी कुठल्या तरी वर्षी शिकवलेलं, मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं एक वाक्य आठवलं, की असं पाणी तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मी गॅस बंद केला. गंजातलं पाणी मोरीत ओतलं आणि लेकीला म्हटलं, पोरीला घे, दवाखान्यात जायचंय.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोरीच्या इवल्या पायाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि रक्त काढायला सांगितलं. नळीतलं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. "पाणी कुठलं देता?" त्यांनी विचारलं. एवढ्या महिन्यांत या प्रश्नाचं खरं उत्तर मी पहिल्यांदा दिलं. "विहिरीचं. उकळून."

"उकळून जंतू मरतात," त्या म्हणाल्या. "हे मरत नाही."

पोरीला ठेवून घेतलं. बाटलीबंद पाण्यातलं दूध सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत ओठ गुलाबी दिसायला लागले. तशी ती किंचाळून रडायलाही लागली. लेक म्हणाली, "आई, ही किती रडते गं!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्या हसण्यात किती दिवसांचा थकवा होता ते आमचं आम्हालाच माहीत.

आता मामाजींना सांगायचं होतं. नवरा म्हणाला, तूच सांग. अर्थात. घरी आल्यावर मी दोन नळ्या घेऊन त्यांच्यापुढे बसले. एकीत बाटलीबंद पाणी, एकीत विहिरीचं. एक पिवळीच राहिली, दुसरी लाल झाली. त्यांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या.

"हे तुही दवाई खराब असन," ते म्हणाले.

"मग पाणी बदललं आणि पोर कशी सुधारली, मामाजी?"

"माह्या बापानं खोदली हे इहीर. चार पिढ्या पेल्या. तवा काऊन नाई झालं?"

तेव्हा प्रत्येक घरामागे संडासाचा खड्डा नव्हता. वरच्या वावरांत एवढा युरिया पडत नव्हता, आणि आता पडतो तो बहुतेक आमच्याच दुकानातून जातो. हे मी त्यांना सांगितलं. खात्रीने नाही, कारण खात्री मलाही नव्हती. मामाजींनी दोन्ही नळ्या खाली ठेवल्या. मग उठले, विहिरीचं पाणी लोटाभर घेतलं आणि माझ्यासमोर उभं राहून सगळं प्यायले. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी कॅन मागवायला लागले. पहिली कॅन दारात उतरली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. पेटीतही आता कॅनचंच पाणी जायचं, आणि केस हळूहळू विरळ होत होते. ते त्यांना दिसत होतं. आलेल्यागेलेल्याला बैठकीत आणणं त्यांनी बंद केलं. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. नुसतं वाईट वाटलं.

सव्वा महिन्याला आमच्याकडे बाळंतीण विहीर पुजते. हळदकुंकू वाहते, विहिरीची ओटी भरते, मग एक गुंड पाणी शेंदून डोक्यावर घरात आणते. तिथून तिचा विटाळ संपला, घरातल्या पाण्याला तिचा हात चालतो. मी म्हटलं, या खेपेला राहू दे. तेव्हा मामाजी इतक्या दिवसांनी बोलले. "पूजा होईन. इहिरीचा काय गुन्हा?"

गल्लीतल्या बाया आल्या. लेकीने हिरवं पातळ नेसून हळदकुंकू वाहिलं, गहू आणि नारळाने ओटी भरली. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. घुगऱ्यांचं पातेलं भरून ठेवलेलं. लेकीने दोराने पाणी शेंदलं, गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. माझ्याकडे पाहायला लागली. आत न्यायचा की नाही? 

मामाजी खुर्चीतून उठले. तिच्या डोक्यावरचा गुंड त्यांनी दोन्ही हातांनी उतरवला. ओझं त्यांना पेलत नव्हतं, पण कुणाला हात लावू दिला नाही. अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी त्यांनी तो सगळा उपडा केला. मग बायांकडे वळले.

"बायांनो, धुणंभांडं करा, झाडाले घाला. पन लहान लेकराले हे पाणी नोका देजा. माह्या पणतीले यानंच झालं."

 आमच्या गल्लीत त्यांच्या तोंडून विहिरीबद्दल वाकडा शब्द कुणी ऐकला नव्हता. मग पलीकडच्या घरची सून, कडेवर चार-पाच महिन्यांचं पोर घेतलेली, पुढे आली. तिचा गुंड तिने येताना सोबतच आणला होता.

"आबाजी, आमच्या घरी वरच्या दुधात हेच पाणी घालतेत. आजवर पेलं त्याचं काय?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तपासून घेऊ. घाबरू नको. उद्या वर्ध्याला दाखवू, मी येते सोबत.

"उद्या कायले? आत्ताच," मामाजी म्हणाले, आणि नवऱ्याला हाक मारली. "गाडी काढ रे."

पूजा तशीच राहिली. घुगऱ्या लेकीने वाटल्या म्हणे. मामाजी टोपी घालून पुढच्या सीटवर बसले, मी आणि ती सून मागे. देवळी मागे पडेपर्यंत, म्हाताऱ्या मानेला जमेल तेवढं मागे वळून, ते तिला परत परत तेच विचारत होते, "ओठ कसे दिसते वं लेकराचे? पाह्य ना चांगलं, ओठ कसे दिसते?"